जुनी ट्रेसर गोळी पेट का घेत नाही?

वाळवंटी_जोशी

गेल्या शनिवारची गोष्ट. इथे नेवाडात, शहरापासून दीड तासावर, मित्राच्या ओळखीतली एक खासगी रेंज आहे. सगळं उघडंबोडकं वाळवंट, समोर मातीचा उंच बांध. मित्राला आजोबांच्या गॅरेजमधून वारशात एक पत्र्याचा डबा मिळाला होता. आत .३०-०६ या मापाच्या रायफलीची काडतुसं, सगळ्यांच्या टोकाला नारिंगी रंग, पुंगळीच्या बुडावर ५३ हा आकडा, म्हणजे १९५३ सालची. या जातीत नारिंगी टोक म्हणजे ट्रेसर. अंधारात लाल रेघ काढत जाते ती गोळी.

रेंजवाल्याची परवानगी घेतली, आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या आणि दिवस मावळल्यावर वीस राउंड झाडले.

वीसच्या वीस उडाले. आवाज नेहमीचा, खांद्याला धक्का नेहमीचा. पण रेघ किती जणांनी काढली? चार. त्यातली एक अर्ध्या वाटेत विझली. बाकी सोळा गोळ्या मुकाट्यानं बांधात जाऊन बसल्या.

मला कोडं पडलंय ते असं: सत्तर वर्षांची दारू अजून व्यवस्थित पेटते, टोपी (बुडाशी ठिणगी देणारी कळ) पेटते, मग त्याच काडतुसातला ट्रेसर का पेटत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा (श्लेष अभिप्रेत आहे).

फुसका_बार

अकरा वर्षं या आयडीची चेष्टा सहन केली. आज माझ्या नावाचा धागा निघाला. धन्य झालो.

शंकासुर

आधी एक सांगा, तुम्ही उभे कुठे होतात? ट्रेसर गोळीच्या बुडाशी जळतो. मागून बघणाऱ्याला तो ठळक दिसतो, बाजूनं बघणाऱ्याला बराच कमी. शिवाय काही ट्रेसरांत पहिला थर मुद्दाम मंद जळणारा ठेवतात, म्हणजे झाडणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि बंदूक नेमकी कुठे आहे हे शत्रूला कळत नाही. बांध जर शंभर मीटरवर असेल तर गोळी उजळायच्या आधीच मातीत गेली असेल. सोळा पेटल्या नाहीत म्हणता, की सोळा *तुम्हाला दिसल्या* नाहीत?

वाळवंटी_जोशी

@शंकासुर, बांध साडेतीनशे मीटरवर आहे. मी झाडत होतो, मित्र माझ्या बरोबर मागे, दुर्बीण घेऊन. ज्या चार पेटल्या त्या दोघांनाही दिसल्या. शिवाय फोनवर चित्रण आहे.

हवालदार_निवृत्त

जोशीबुवा, कोडं नवीन नाही. १९८७ साली आमच्या पलटणीचं रात्रीचं फायरिंग होतं. एलएमजीला (हलक्या मशीनगनला) चार बॉल, म्हणजे साध्या गोळ्या, एक ट्रेसर अशा हिशोबानं मॅगझीन भरलेली. पहिल्या डिटेलला (झाडणाऱ्यांच्या तुकडीला) सगळं छान, लाल मोत्यांची माळ निघाल्यासारखी. दुसऱ्या डिटेलला मॅगझीनमागून मॅगझीन संपतंय आणि समोर अंधारच अंधार. उस्ताद ओरडतोय, "मार कुठे राहिलायस रे?" त्या बिचाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नाही. ट्रेसर असतो तो त्याचसाठी, आपला मार कुठे पडतोय ते आपल्याला कळावं म्हणून.

सकाळी चौकशी झाली. पहिल्या डिटेलचा माल नव्या उघडलेल्या पेटीतला. दुसऱ्याचा माल एका उघड्या पेटीतला उरलेला, ती पेटी पावसाळ्यात दोन महिने तंबूत पडून होती. लॉट एकच! तारीख एकच! फरक फक्त झाकणाचा. तेव्हापासून आमच्या कोतात (शस्त्रागारात) नियम झाला: उघडलेली पेटी आधी संपवायची, मगच नवीनला हात लावायचा.

जाता जाता आणखी एक. आमच्यात जुने लोक मॅगझीनमध्ये सगळ्यात आधी दोनतीन ट्रेसर घालायचे. मॅगझीनमध्ये जे आधी जातं ते शेवटी निघतं. लागोपाठ रेघा दिसल्या की समजायचं, माल संपत आला, दुसरं मॅगझीन हाताशी घे. आता ते दोनतीनच सादळलेले निघाले तर काय होईल, विचार करा.

तिखटमीठ_काकू

सादळलेले! हाच शब्द मी शोधत होते. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण चिपळूणला माझं सासर आहे आणि माळ्यावर ठेवलेल्या फटाक्यांतलं मला बरंच कळतं. 😀

दिवाळीत उरलेल्या फुलबाज्या सासूबाई जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायच्या. मध्ये आख्खा पावसाळा. आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा बरणीत पाणी होतं. पुढच्या दिवाळीत त्याच फुलबाज्या सुपात पसरून उन्हात. लवंगी वाजायची बहुतेक, सुतळी बॉम्ब तर हमखास, पण फुलबाजी? दोन बोटं जळायची, फुर्र करायची, विझायची. फुलं नाहीतच. नुसता तांबूस निखारा आणि धूर.

तुमच्या गोळीचं तेच झालं असणार. बार वाजला, फुलं पडली नाहीत.

फुसका_बार

काकूंनी तीन ओळींत धागा संपवला. ग्रंथालयात जमा करा.

अणुरेणु

संपवला नाही, पण काकू योग्य दारात उभ्या आहेत. थोडं रसायन सांगतो, कंटाळा आला तर खाली सरका.

ट्रेसर गोळी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकात बसवलेल्या. पुंगळीतली दारू गोळीला ढकलते. गोळीच्या बुडात एक पोकळी असते, तिच्यात एक चिमुकला भुईनळा दाबून बसवलेला असतो. हा भुईनळा मॅग्नेशियमच्या भुकटीचा, त्याला ऑक्सिजन पुरवायला स्ट्रॉन्शियम नायट्रेट, आणि सगळं धरून ठेवायला राळेसारखा किंवा प्लास्टिकसारखा बांधणारा पदार्थ. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. मागच्या तोंडाशी आणखी एक पातळ थर असतो, लवकर पेटणारा, जुन्या गोळ्यांत बहुधा बेरियम पेरॉक्साइडचा. नळीतून गोळी जाताना मागचा जळता वायू हा थर पेटवतो, तो थर मुख्य मसाला पेटवतो. फुलबाजी पेटवायला आपण आधी मेणबत्ती लावतो ना, तसं.

आता खरी गोम. दारूच्या जाळानं पेटायचं तर भुईनळ्याचं तोंड दारूकडे *उघडं* असावं लागतं. म्हणजे ज्या भोकातून त्याला जाळ मिळायचा, त्याच भोकातून सत्तर वर्षं त्याला ओल मिळते. साध्या गोळीच्या आत शिसं किंवा पोलाद, त्याला ओलीचं काय. ट्रेसरच्या आत मात्र मॅग्नेशियम, आणि तेही भुकटीच्या रूपात, म्हणजे पृष्ठभाग अफाट.

मॅग्नेशियम आणि पाण्याची वाफ एकत्र आली की हळूहळू मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रॉक्साइड जळत नाही. प्रत्येक कणावर त्याचं कवच चढतं, आत धातू शिल्लक असला तरी जाळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय हायड्रॉक्साइड धातूपेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे दाबून बसवलेली वडी फुगते, तडकते. तोंडाशी असलेला पेरॉक्साइडचा थर तर आणखी नाजूक. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन तो शेवटी बेरियम कार्बोनेटकडे जातो, आणि कार्बोनेट कुणाला पेटवणार? मेणबत्तीच सादळली तर फुलबाजी कितीही कोरडी असून उपयोग नाही.

तुमच्या सोळा गोळ्यांत बहुतेक मेणबत्तीच मेलेली होती. अर्ध्या वाटेत विझलेली ती एक मात्र वेगळी, तिच्यातली वडीच आतून खराब झालेली असावी.

डॉक्टर_नाही_पण

थांबा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया ना? आजोबा जेवणानंतर घ्यायचे ते?

अणुरेणु

तेच.

फुसका_बार

म्हणजे सत्तर वर्षं डब्यात बसून काडतुसाला अॅसिडिटी झाली, त्यानं आतल्या आत औषध तयार करून घेतलं आणि शांत झालं. हसून हसून पुरेवाट.

शंकासुर

अणुरेणु, मांडणी आवडली, पण एक मुद्दा सुटला. जाळच कमी पडला असेल तर? जुनी दारू कमजोर होते, दाब कमी, उष्णता कमी, पहिला थर पेटणार नाही. मसाल्याला दोष कशाला? आखूड नळीच्या बंदुकीतही असं होऊ शकतं.

वाळवंटी_जोशी

मित्राकडे वेग मोजायचं यंत्र होतं, ते लावलंच होतं. बहुतेक गोळ्या सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. नळी चोवीस इंची. दारूनं आपलं काम चोख केलं. म्हणून तर चक्रावलो.

शंकासुर

बरं. मग हा मुद्दा मागे घेतो. (या संस्थळावर मी पहिल्यांदाच काही मागे घेतोय, नोंद घ्यावी.)

खडकीकर

आमचं लहानपण खडकीत गेलं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, सायरनवर घड्याळं लावायची सवय होती सगळ्या गल्लीला. वडील फिरतीचे कामगार, शेवटची बरीच वर्षं याच खात्यात काढली. ट्रेसरबद्दल त्यांचं एक म्हणणं आठवतं: "साधी गोळी बनवतात, ट्रेसर भरतात." म्हणजे एकदम ओतून चालत नाही. मसाला थोडा थोडा घालायचा, प्रत्येक वेळी प्रेसखाली प्रचंड दाब द्यायचा, पुन्हा घालायचा. दाब कमी पडला तर वडी सैल राहते आणि नळीतून सुटताना धक्क्यानं फुटते.

हे फुटणं का महत्त्वाचं आहे ते गणितानं बघा. जोशींच्या बंदुकीत नळीच्या आतले आटे दहा इंचांत एक फेरा देतात. सेकंदाला ८२० मीटर म्हणजे गोळी सेकंदाला तीन हजारांवर फेरे घेत निघते, मिनिटाला दोन लाखांच्या घरात. एवढ्या गरगरण्यात तडकलेली वडी आत टिकेल कशी? तुकडे मागच्या तोंडातून उडून जातात. काही वेळा नळीच्या तोंडाशी नुसती ठिणगी दिसते आणि पुढे काही नाही, ते हेच.

ओल न लागताही वडी तडकू शकते. कवच तांबं-पितळेचं, आतला मसाला वेगळाच, तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत. वाळवंटातल्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्याच्या रात्री गारठा, अशी सत्तर वर्षं.

तिखटमीठ_काकू

सुंदर! जाता जाता, माझ्या फुलबाजीचं शास्त्र कुणी सांगितलंच नाही.

अणुरेणु

काकू, फुलबाजीची फुलं म्हणजे जळते लोखंडाचे कण. लोखंड गंजलं की ती जळतात कशाला, आधीच जळून बसलेली असतात, फक्त हळू. तुमच्या माळ्यावर फुलबाजी जवळजवळ वर्षभर न दिसता जळत होती.

तिखटमीठ_काकू

अगं बाई. हे सासूबाईंना सांगायला हवं होतं.

पोह्यातला_शेंगदाणा

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. काकू फुलबाज्या उन्हात ठेवायच्या तशा या गोळ्या उन्हात ठेवल्या, किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर थोडा वेळ, तर पुन्हा पेटतील का?

हवालदार_निवृत्त

अजिबात नाही! कुणीही, कुठेही, कधीही असला उद्योग करू नये. आत टोपी जिवंत आहे, दारू जिवंत आहे. काडतूस पापड नव्हे.

अणुरेणु

हवालदारसाहेबांना दुजोरा. जीव धोक्यात घालून हाती काय लागेल? काहीही नाही. गंजलेला खिळा महिनाभर उन्हात ठेवला म्हणून त्याचं परत लोखंड होत नाही. पाणी जाईल, हायड्रॉक्साइड तिथेच राहील.

पोह्यातला_शेंगदाणा

विचारलं एवढंच हो. खरं कारण असं की गावच्या वाड्यात पणजोबांच्या पेटीत एक काडतूस आहे. थ्री नॉट थ्रीचं आहे म्हणतात. टोकाला रंग वगैरे काही राहिलेला नाही.

हवालदार_निवृत्त

बाळा, ते हातात घेऊन फिरवू नकोस, खिशात घालून पुण्याला तर मुळीच आणू नकोस. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, पणजोबांचं असलं तरी. जिथे आहे तिथेच राहू दे, पोलिस ठाण्यात कळव. गरज वाटली तर ते बॉम्ब शोधक व नाशक पथक बोलावतील. "जुनं आहे, सादळलं असेल" हे वाक्य मनातून काढून टाक. धाग्यावरच बघ ना, सत्तर वर्षांच्या डब्यातले वीसपैकी वीस उडाले.

२०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. साठवलेला दारूगोळा म्हणजे झोपलेलं जनावर, मेलेलं नव्हे.

पोह्यातला_शेंगदाणा

काकांना फोन केला. ते उद्या ठाण्यात जाऊन येतायत. धन्यवाद.

गार्ड_भुसावळ

धागा वाचून राहवलं नाही. अडतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो (आता आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण माझं अर्धं आयुष्य गार्ड म्हणूनच गेलं). आमच्या पेटीत झेंडे, हातबत्ती आणि पटाखे. पटाखे म्हणजे डिटोनेटर, रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की मागून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सावध होतो. गाडी मध्येच अडकली तर ब्रॉडगेजला सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. रात्री, पावसात, एकटं चालत जाऊन बांधायचे. ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

सांगायचं कारण, प्रत्येक पटाख्यावर साल छापलेलं असतं. मुदत सरत आली की नमुना काढून तपासतात. कसा? रुळावर बांधायचा आणि वरून रिकामी वॅगन माणूस चालतो त्या वेगानं ढकलायची. फुटला तर ठीक. अख्ख्या लॉटचं भवितव्य त्या एकावर. मला तेव्हा गंमत वाटायची की ज्याला तपासलं तो तर संपला, आणि जे पेटीत आहेत त्यांची खात्री फक्त भावाच्या चांगुलपणावर.

ड्रायव्हरकडे लाल फ्युझीही असते, रात्री धोका दाखवायला. तीही स्ट्रॉन्शियमवरच जळते ना, अणुरेणु?

अणुरेणु

हो, लाल ज्वाळा म्हटलं की स्ट्रॉन्शियम. लाल फ्युझी, जहाजावरचा लाल फ्लेअर, लाल ट्रेसर, सगळी एकाच घराण्यातली. हिरवा बेरियमचा. सोव्हिएत आणि चिनी ट्रेसर हिरवे असत, त्यामुळे व्हिएतनामच्या युद्धात रात्री रंगावरून कळायचं कोण कुठून झाडतंय. अवांतर: आपल्याकडे फटाक्यांत बेरियमच्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली.

दर्यावर्दी

घराण्याचं नाव निघालं म्हणून हजेरी. जहाजाच्या ब्रिजवर किमान बारा पॅराशूट फ्लेअर ठेवावे लागतात. तीनशे मीटर वर जाऊन कमीत कमी चाळीस सेकंद जळायला हवेत. हातात धरायचा फ्लेअर मिनिटभर. सगळे जाड प्लास्टिकच्या नळीत, झाकणं घट्ट. तरी मुदत साधारण तीन वर्षांची. समुद्रावरची हवा झाकणं वगैरे मानत नाही.

प्रशिक्षणात आम्हाला मुदत संपलेले हातफ्लेअर पेटवायला दिले होते. माझ्या हातातला पहिल्या झटक्यात पेटला, शेजाऱ्याचा तीन वेळा ओढून ढिम्म. चौथ्यांदा ओढायला लागला तर प्रशिक्षकानं त्याच्या हातून काढून सरळ पाण्याच्या पिंपात टाकला. का, तर उशिरा पेटणारा हा न पेटणाऱ्यापेक्षा वाईट. तोंडाजवळ नेऊन "काय झालं बरं" म्हणून डोकावणारे पुष्कळ असतात.

दोन्ही एकाच पेटीतले होते. सांगा आता, वय बघायचं की काय बघायचं?

शंकासुर

नशीब.

बखरबहाद्दर

उशिरा आलो. ट्रेसरचा जन्मच लहरी आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ब्रिटिशांनी थ्री नॉट थ्रीचा ट्रेसर काढला, तो जेमतेम शंभर मीटर धड चालायचा, कधी पेटायचा कधी नाही. म्हणजे *नवाकोराच* फुसका! १९१६ मध्ये सुधारित गोळी आली, हिरवट-पांढरी रेघ काढणारी, आणि रात्री लंडनवर येणाऱ्या झेपेलिनांवर (जर्मन हवाई जहाजांवर) विमानातून तिचा चांगला उपयोग झाला. तेव्हा जोशीबुवांच्या वीसात चार म्हणजे फार लाजिरवाणं नाही.

कुंपणावरचा_सरडा

मुळात ट्रेसर हा प्रकारच मला पटत नाही. आपल्याला रेघ दिसते तशी समोरच्यालाही दिसते, उलटी वाचली की थेट तुमच्या नळीपर्यंत. शिवाय मसाला जळत जातो तशी गोळी हलकी होते, बाकीच्या गोळ्यांपेक्षा लांबवर वेगळीकडे पडते. न पेटलेलीच बरी.

हवालदार_निवृत्त

सरडेराव, मुद्दा बरोबर, पण विमानावर मशीनगन चालवणाऱ्याला विचारा. हलत्या निशाणावर कितीही शिकवलं तरी डोळ्याला रेघ लागतेच. आणि दुसऱ्या तुकडीला निशाण दाखवायला बोटाचा उपयोग रात्री होत नाही.

सगळ्यात वाईट ट्रेसर कुठला सांगू? पेटलेला आणि गवतात पडलेला. रेंजवर दरवेळी आमची एक टोळी ओली पोती आणि निरगुडीच्या फांद्या घेऊन बसलेली असायची. फायरिंग थांबलं की पळत जायचं, झोडपायचं. एकदा सारं माळरान पेटलं, पहाटे तीनपर्यंत झोडपत होतो. घरी परतलो तेव्हा भुवया नव्हत्या.

खडकीकर

मूळ प्रश्नाकडे येऊ. जोशी, पुंगळीच्या मानेकडे बघितलंत का? जिथे गोळी पुंगळीत शिरते तिथे लष्करी मालाला काळपट डांबरासारखा लेप असतो. टोपीच्या कडेला लाखेचा रंगीत गोल. ओल अडवायला तेवढाच काय तो दरवाजा. तो शाबूत होता का?

वाळवंटी_जोशी

बघितलं नव्हतं. आज मित्राकडे जाऊन डबा पुन्हा उघडला, भिंग घेऊन. उरलेल्यांपैकी बऱ्याच पुंगळ्यांच्या मानेशी हिरवट कळंक आहे. टोपीभोवतीचा गोल बऱ्याच ठिकाणी पोपडे येऊन गेलाय. डब्याच्या झाकणाला रबर आहे ते इतकं कडक झालंय की नखानं तुकडा पडला. आणि डब्याच्या तळाशी एक आडवी तांबूस रेषा आहे, बोटभर उंचीवर. कधीतरी पाणी साचून आटलं असणार.

तिखटमीठ_काकू

कळकलं म्हणा की. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यासारखं.

खडकीकर

मिळालं उत्तर. पाणी आत गेलंच पाहिजे असं नाही, ओलसर हवा पुरते. आणि जुन्या दारूतून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू हळूहळू सुटत असतात, तेही बंद पुंगळीत त्या उघड्या तोंडाशीच घुटमळतात. दारू स्वतः बरीच खराब झाली तरी वेगात थोडाच फरक पडतो, ट्रेसरला मात्र तेवढं पुरतं.

शंकासुर

तरी सिद्ध काय झालं? वय आणि ओल दोन्ही एकाच डब्यात आहेत. १९५३ चाच *कोरडा* माल पेटला तर मी मानेन.

वाळवंटी_जोशी

@शंकासुर, तुमच्यामुळे आणखी एक शनिवार गेला, बायको तुम्हाला ओळखत नाही ते बरं. 🙏

मित्राच्या मावशीकडे, दुसऱ्या गावात, आजोबांचाच दुसरा डबा निघाला. हा कारखान्यातून आला तसा, पत्र्याचा, झाळलेला, किल्लीनं पट्टी गुंडाळत उघडायचा. उघडला तेव्हा फुस्स आवाज झाला. आत पुठ्ठ्याच्या खोक्यांत काडतुसं, पितळ नव्या तांब्यासारखं चकचकीत. साल ५३. टोकं नारिंगी.

तीच रेंज, तीच बंदूक, तोच बांध. वीस राउंड. अठरा पेटल्या, बांधापर्यंत सरळ लाल रेघ. दोन नाही. चित्रण दोन ठिकाणांहून केलंय, एक मागून आणि एक बाजूनं. बाजूच्या चित्रणात खरंच फिकट दिसतात, तो तुमचा मुद्दा बरोबर होता.

शंकासुर

मानलं. एका धाग्यात दोनदा माघार. आयडी बदलावा का विचार करतोय.

फुसका_बार

माझा घ्या. वापरलेला आहे, पण सीलबंद.

गार्ड_भुसावळ

जोशीसाहेब, त्या न पेटलेल्या दोन. बांधात गेल्या त्या नीट विझल्यात ना? आत कुठे धुमसत नाहीत ना? दर्यावर्दी म्हणाले ते डोक्यात बसलंय, उशिरा पेटणाऱ्यांचं.

वाळवंटी_जोशी

फायरिंग थांबल्यावर मित्र दोन बादल्या घेऊन बांधाशी पाऊण तास बसून होता. एक बादली मातीवर ओतली. दुसरी, शेवटी कंटाळून, स्वतःच्या पायांवर. गरम होत होतं म्हणे.